गाठीचे मुरुम: खड्डे पडण्याआधी योग्य उपचारांपर्यंत कसं पोचायचं

मी मेडिकल चालवतो. संध्याकाळी सात-साडेसातला कॉलेजची मुलं-मुली काउंटरपाशी येतात, बीपीच्या गोळ्या घेणारे आजोबा निघून जाईपर्यंत टूथब्रशचा स्टँड न्याहाळत राहतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "काका, पिंपल्सवर काही जालीम आहे का?" हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. परीक्षेच्या आधी येणाऱ्या दोन-चार पुटकुळ्यांबद्दल इथे फारसं काही नाही. त्वचेखाली गाठ होते, पू धरतो, बरं झालं तरी मागे खड्डा राहतो, अशा मुरुमांसाठी हे लिहितोय. त्यावर चांगले उपचार आहेत, पण ते माझ्या काउंटरवर मागून मिळत नाहीत, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मिळतात. आणि जायला जितका उशीर कराल तितके खड्डे वाढतात. गोळीने मुरुम जातात, पडलेला खड्डा भरत नाही.

आधी आरशासमोर

ट्यूबलाइटखाली नको, दिवसाउजेडी खिडकीपाशी बघा. नाकावर काळे ठिपके, कपाळावर बारीक पांढऱ्या कण्या असतील तर प्रकार सौम्य आहे. लाल पुळ्या आणि टोकाला पिवळा पू दिसत असेल तर मध्यम. आता जबड्याच्या कडेने आणि गालांवर हलकेच बोट फिरवा. त्वचेखाली दुखरी, टणक, तोंड नसलेली गाठ लागते का? ती आठवडेच्या आठवडे बसून राहते का? अशा गाठी असतील तर तो तीव्र प्रकार. मग शर्ट काढून पाठ, खांदे आणि छातीही बघा. मुलगे चेहरा दाखवतात पण पाठीबद्दल बोलत नाहीत; बनियनवर रक्ताचे डाग आईला दिसतात तेव्हा कुठे घरात कळतं.

गाठी थोड्याच असल्या तरी खड्डे पडायला लागले असतील, किंवा चेहऱ्यामुळे मुलगा-मुलगी लग्नकार्याला येत नाहीत, कॅमेरा बंद ठेवून क्लासला बसतात, तरीही ते तीव्रच धरायचं. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही व्रण पडणारे किंवा मनावर मोठा भार टाकणारे मुरुम तीव्र समजावेत असं म्हटलं आहे.

हे होतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे कुठलं औषध कशावर चालतं ते त्यावरून कळेल. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन हार्मोनमुळे ती जास्त तेल सोडू लागते. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू वाढतो. तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. मग शरीर त्याच्यावर धावून जातं आणि सूज येते. ही सूज खोलवर गेली आणि छिद्राची भिंत आतल्या आत फुटली की गाठ होते आणि खड्ड्याची सुरुवात तिथेच होते. थोडक्यात तेल, बूच, जंतू आणि सूज. यात घाण कुठेच नाही. त्यामुळे दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुऊन काही साधत नाही, उलट त्वचा कोरडी होऊन चिडते. सौम्य फेसवॉशने दोनदा धुतलं की पुरे.

एक अपवाद लक्षात ठेवा. कपाळावर, छातीवर, पाठीवर सगळ्या एकाच आकाराच्या बारीक पुळ्या असतील आणि खाज सुटत असेल, तर ते मुरुम नसून मॅलेसेझिया या बुरशीचं काम असू शकतं. अँटिबायोटिकने ते वाढतं. आपल्या दमट पावसाळ्यात हे बरंच दिसतं, आणि वर्षभर मुरुमाची औषधं खाऊन कंटाळलेल्यांपैकी काहींचं खरं दुखणं हेच निघतं.

आता जे लावताय ते तपासा

"काय लावतेस?" म्हटलं की उत्तर येतं, "काही नाही, फक्त नाइट क्रीम." मग पर्समधून ट्यूब निघते. तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. बरेचदा त्यात एखादं अँटिबायोटिक, एखादं बुरशीवरचं औषध किंवा रंग उजळवणारं हायड्रोक्विनोनही मिसळलेलं असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा असा उजळतो की मैत्रिणी नाव विचारून घेतात. स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून ते दिसतं. पुढे काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गाल लाल राहतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि स्टिरॉइडमुळेच नवे मुरुम फुटतात. बंद केलं की भडका उडतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे रोज असे चेहरे येतात.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी आमच्या धंद्यातले काही जण ती अजून हातावर ठेवतात, हे लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही असं काही महिनोन्‌महिने लावत असाल तर आपल्या मनाने एकदम सोडू नका, ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू उतरवतात आणि मधला भडका सांभाळतात.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, अक्रोडाच्या सालीचा स्क्रब हे सगळं बंद. डोक्याला थापलेलं तेल कपाळावर ओघळत असेल तर ते कमी करा. हेल्मेटचा पट्टा घासतो तिथे, हनुवटीखाली मुरुम येत असतील तर पट्ट्याचं अस्तर धुवा. जिममध्ये कुणी 'बॉडी बनवायला' इंजेक्शन देत असेल तर डॉक्टरांना ते सांगायलाच हवं, कारण ॲनाबॉलिक स्टिरॉइडने भयंकर गाठी येतात. बी-१२च्या इंजेक्शनांनीही काहींना मुरुम उठतात. टीबी, फिट्स किंवा मनोविकारावरच्या काही औषधांनीही येतात, पण ती औषधं आपल्या मनाने थांबवायची नाहीत.

खाण्याचं विचाराल तर आंबा खाल्ला की उष्णता झाली हे आपल्याकडचं ठरलेलं निदान आहे. त्यापेक्षा बेकरीचे पदार्थ, कोल्ड्रिंक, साखर आणि मैदा यांच्यावर लक्ष ठेवा. रक्तातली साखर झटकन चढवणाऱ्या खाण्याचा मुरुमांशी संबंध दिसतो. पण गाठीचे मुरुम पथ्याने जात नाहीत. आणि "लग्न झालं की जातील" म्हणून वाट बघणारी घरं तर मी कित्येक पाहिली आहेत.

डॉक्टर कोण आणि कुठे

'स्किन क्लिनिक' अशी पाटी कुणीही लावतं. पाटीवर एमबीबीएसनंतर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल अशी पदविका आहे का ते बघा. कॉस्मेटॉलॉजीचं सर्टिफिकेट म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे, आणि पार्लरमधलं पिंपल फेशियल गाठींवर तर मुळीच नको. दाबून काढायच्या नादात गाठ आत फुटते.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. पुण्याचं ससून, मुंबईचं जेजे, महापालिकेचं केईएम आणि सायन, नागपूरचं मेडिकल या सगळ्या ठिकाणी त्वचा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. विभागाच्या पाटीवर त्वचेबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे शब्दही असतात; ते वाचून काही मुली दारातूनच परत फिरतात. फिरू नका. त्या रांगेत नायटा, सोरायसिस आणि मुरुमवालेच जास्त असतात. तालुक्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयात त्वचेचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते आधी विचारून जा.

जाताना मेकअप नको. आजवर लावलेल्या नळ्या आणि खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. "पांढरी ट्यूब होती, निळं झाकण" यावरून कुणालाच काही कळत नाही. मुरुम सगळ्यात जास्त फुललेले असतानाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण नेमके अपॉइंटमेंटच्या दिवशी ते बसलेले असतात. मुलींनी पाळी नियमित आहे का, तिच्या आधी मुरुम वाढतात का, हनुवटीवर केस आलेत का, हे सांगावं. आईवडिलांपैकी कुणाच्या चेहऱ्यावर खड्डे असतील तर तेही सांगा, पुढचा धोका ठरवायला ते उपयोगी पडतं. आणि लग्न ठरलं असेल तर तारीख सांगा. का ते पुढे येईल.

लावायची औषधं

तीव्र मुरुमांतही यांच्यापासून सुटका नाही, पण एकट्याने ती पुरी पडत नाहीत. मुख्य दोन. ॲडापलीन हे जीवनसत्त्व 'अ'च्या घराण्यातलं, छिद्राचं बूच मोकळं करणारं. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारणारं. त्याची खासियत अशी की त्याला जंतू सरावत नाहीत. क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक मलम कधी एकटं लावायचं नसतं, ते या बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच.

औषध बरोबर असूनही लावण्यात चूक झाल्यामुळे फसलेले फार. ॲडापलीन रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर लावायचं. वाटाण्याएवढं मलम घ्यायचं, कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि सगळीकडे पातळ पसरवायचं. फक्त मुरुमावर टिकली लावल्यासारखं लावू नका. पुढच्या महिन्यात येणारा मुरुम आज कोऱ्या दिसणाऱ्या जागेत तयार होत असतो. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीचा कोपरा आणि ओठांचे कोपरे सोडा. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड. वरून मॉइश्चरायझर, सकाळी जेलवालं सनस्क्रीन. "माझी स्किन ऑयली आहे, मॉइश्चरायझर कशाला" असं म्हणणारेच पंधरा दिवसांत सालं निघाली म्हणून ट्यूब परत घेऊन येतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, तेव्हा उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढराच वापरा.

पहिल्या महिन्यात मुरुम थोडे वाढल्यासारखे वाटतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. गरोदरपणात ॲडापलीन नको. तेव्हा डॉक्टर ॲझेलेइक ॲसिडसारखा पर्याय देतात.

अँटिबायोटिकच्या गोळ्या

डॉक्सिसायक्लीन १०० मिलिग्रॅम ही नेहमीची. ती जंतूही कमी करते आणि सूजही उतरवते. साधारण तीन महिन्यांत आढावा घेऊन थांबवायची असते, नाहीतर जंतू सरावतात. आमच्याकडे मात्र दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन "तेच रिपीट करा" म्हणणारे येतात. द्यायला नको आणि घ्यायलाही नको.

गोळी मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवं होऊ नका. झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली तर अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते आणि मग छातीत अशी कळ येते की हार्ट अटॅकच वाटावा. लोहाची गोळी किंवा ॲसिडिटीचं औषध तिच्यासोबत घेऊ नका, तिचा असर कमी होतो. उन्हात चेहरा लवकर भाजतो. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही देत नाहीत.

आयसोट्रेटिनॉइन: ज्याला सगळे घाबरतात ते

गाठीच्या मुरुमांवर याच्या तोडीचं औषध आजही नाही. अमेरिकेत १९८२ साली मंजुरी मिळाली, तेव्हापासून वापरात आहे. हेही जीवनसत्त्व 'अ'च्याच घराण्यातलं. वर सांगितलेल्या तेल, बूच, जंतू, सूज या चारही गोष्टींवर परिणाम करणारं हे एकच औषध. तेलाच्या ग्रंथी आकसतात, मग पुढचं सगळंच थंडावतं. पुष्कळांचे मुरुम कोर्स संपल्यावरही परत येत नाहीत.

मात्रेचा हिशेब समजून घ्या, म्हणजे "आणखी किती महिने" हा प्रश्न पडणार नाही. रोजचा डोस दर किलो वजनामागे साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅम असतो. पूर्ण कोर्सची एकूण बेरीज दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत न्यायची, ही रूढ पद्धत. ६० किलोच्या मुलासाठी १२० धरले तर एकूण ७,२०० मिलिग्रॅम झाले. रोज ३० घेतले तर २४० दिवस, म्हणजे आठ महिने. रोज २० घेतले तर वर्ष. आपल्याकडे बरेच डॉक्टर कमी मात्रेवर जास्त काळ चालवतात, त्यात ओठ-त्वचा कमी सुकते. तिसऱ्या महिन्यात चेहरा स्वच्छ झाला म्हणून आपणहून बंद करणारे सहा महिन्यांनी परत येतात, ते याच हिशेबामुळे.

सुरू करण्याआधी रक्त तपासतात: उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातली चरबी, आणि लिव्हरची तपासणी. काही आठवड्यांनी पुन्हा. त्यातल्या ट्रायग्लिसराइड नावाच्या चरबीचं प्रमाण वाढतं का हे मुख्य बघायचं. कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्या, आणि त्या जेवणात तूप, तेल, शेंगदाणे, दूध असं स्निग्ध काहीतरी हवं. रिकाम्या पोटी घेतली तर निम्मं औषधही अंगात जात नाही. उपवासाच्या दिवशी चहाबरोबर गिळली तर ती वाया गेल्यात जमा.

ओठ फुटणार. सगळ्यांचेच फुटतात, इतके की ओठ फुटले नाहीत तर डॉक्टर विचारतात, गोळी खरंच घेताय ना. पेट्रोलियम जेलीची डबी खिशात ठेवा, जीभ फिरवू नका. नाक आतून सुकून रक्त येत असेल तर तीच जेली बोटाने नाकपुडीच्या आत लावा. डोळे कोरडे पडतात, लेन्स टोचतात. काही महिने चष्मा वापरा. व्यायाम जोरात करणाऱ्यांचे स्नायू आणि पाठ दुखते. रात्रीचं कमी दिसल्यासारखं वाटलं तर गाडी चालवणं थांबवून लगेच सांगा. वॅक्सिंग करू नका, त्वचा सोलून निघते. कोर्स संपल्यावरही सहा महिने नको, थ्रेडिंगबद्दल डॉक्टरांना विचारा. दारू टाळा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये 'अ' आहे का ते बघा, असेल तर बंद. डॉक्सिसायक्लीन आणि हे औषध कधीही एकत्र नाही. दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, धूसर दिसणं अशी त्याची लक्षणं. आधीची डॉक्सीची स्ट्रिप घरात उरली असेल तर ती टाकूनच द्या. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या औषधाने गर्भात गंभीर व्यंगं होतात: मेंदू, हृदय, कान, चेहरा. एखादीच कॅप्सूल घेतली असली तरी धोका आहे. म्हणून अमेरिकेत २००६ पासून आयप्लेज नावाची नोंदणी व्यवस्था आहे, तिच्याशिवाय तिथे हे मिळतच नाही. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, त्यामुळे सगळी भिस्त डॉक्टरांवर आणि तुमच्यावर. सुरू करण्याआधी गर्भचाचणी निगेटिव्ह हवी, आणि सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून थांबवल्यानंतर किमान एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन हवं. आपल्याकडच्या पाकिटांवरच्या इशाऱ्यात थांबवल्यानंतरचे सहा महिने लिहिलेले दिसतात. तुमच्या डॉक्टरांनी जी मुदत सांगितली ती पाळा. लग्नाची तारीख सांगा म्हटलं ते यासाठी. लग्नाआधी चेहरा साफ हवा म्हणून तीन महिने आधी हे सुरू करायचं आणि लग्नानंतर लगेच घरून 'गोड बातमी'चा तगादा सुरू व्हायचा, ही गाठ फार धोक्याची आहे. स्तनपान चालू असेल तरीही हे औषध नाही.

मुलगी आईबरोबर आली की डॉक्टर हा विषय काढायला अडखळतात आणि मुलगी बोलत नाही. आयांनो, दोन मिनिटं बाहेर बसा. पुरुषाने हे औषध घेतल्याने बायकोच्या गर्भाला धोका होतो असं दिसलेलं नाही, पण आपली स्ट्रिप बहिणीला किंवा मैत्रिणीला देणं हा गुन्ह्याइतकाच मोठा दोष.

मनावर परिणाम होतो का? मोठ्या अभ्यासांत एकंदर रुग्णांमध्ये नैराश्य वाढल्याचं दिसलेलं नाही; मुरुम गेल्यावर बऱ्याच जणांचं मन उलट हलकं होतं. पण एखाद्याला त्रास होऊ शकतो, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं. झोप उडाली, मुलगा गप्प झाला, जगण्यात रस नाही असं बोलू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीतही बोलतात.

आणखी एक धोका आहे तो पहिल्या महिन्यातला. बहुधा किशोरवयीन मुलग्यांत अचानक गाठी फुटून जखमा होतात, ताप येतो, सांधे धरतात. याला ॲक्ने फल्मिनन्स म्हणतात. गोळी न घेताही हे होऊ शकतं. यात वाट बघायची नाही. डॉक्टर पोटातून स्टिरॉइड देऊन ते आवरतात. चेहऱ्यावर चोरून लावलेलं स्टिरॉइड वेगळं आणि हे वेगळं.

पंचविशीनंतरच्या बायकांसाठी

हनुवटी आणि जबड्यालगत गाठी, पाळीच्या आधी वाढणाऱ्या, पाळी अनियमित, ओठांवर किंवा हनुवटीवर केस: अशा वेळी डॉक्टर पीसीओएसच्या, म्हणजे बीजाशय आणि हार्मोनच्या बिघाडाच्या, दिशेने बघतात, सोनोग्राफी आणि हार्मोन तपासतात. सगळं नॉर्मल निघालं तरी हार्मोनचे उपचार चालतात.

स्पायरोनोलॅक्टोन ही खरं म्हणजे लघवी वाढवणारी, बीपीची जुनी गोळी. ती अँड्रोजेनला अडवते. रोज ५० ते १०० मिलिग्रॅम, फरक पडायला तीन महिने तरी. पाळी पुढेमागे होते, स्तन दुखतात, चक्कर येते. मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची औषधं चालू असतील तर आधी सांगा. गरोदरपणात नाही. पुरुषांना देत नाहीत, छाती वाढते.

दुसरा पर्याय गर्भनिरोधक गोळ्यांचा, ड्रोस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरॉन असलेल्या. अर्धशिशीत डोळ्यांपुढे झगझगीत रेषा येत असतील, पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा पस्तिशीनंतर सिगारेट चालू असेल तर या गोळ्या धोक्याच्या. म्हणून मैत्रिणीला चालली म्हणून मलाही द्या, हे इथे चालत नाही. आवाज अचानक घोगरा झाला, थोड्या महिन्यांत अंगभर केस वाढले, तर मुरुमाचा विचार बाजूला ठेवून तातडीने तपासणी.

उद्या साखरपुडा आहे आणि आज गाठ आली

त्यासाठी गाठीत ट्रायॲमसिनोलोन या स्टिरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात. दोन-तीन दिवसांत गाठ बसते. मात्रा जास्त झाली तर तिथे खळगा पडतो, जो बहुतेकदा काही महिन्यांत भरतो. सरावाच्या हातानेच घ्यावं, आणि हा एका गाठीचा इलाज आहे, रोगाचा नव्हे. लेसरने तेलाच्या ग्रंथीच मंदावणारी यंत्रंही आली आहेत. खर्चिक आहेत, आयसोट्रेटिनॉइन घेता येत नाही अशांनी त्याबद्दल विचारावं.

मागे राहिलेले डाग आणि खड्डे

यात दोन गोष्टी वेगळ्या. सपाट काळा डाग म्हणजे सुजेनंतर उरलेला रंग. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तो ठळक पडतो, पण महिन्यांत फिकटतो. सनस्क्रीन आणि ॲडापलीन, ॲझेलेइक ॲसिड यांनी लवकर. खड्डा म्हणजे त्वचेच्या आतला आधारच गेलेला. तो मलमाने भरत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

खड्ड्याचे प्रकार आणि त्याप्रमाणे उपाय. सुईने टोचल्यासारख्या खोल, अरुंद खड्ड्यात तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक) ॲसिडचा थेंब भरतात. खालून दोऱ्याने ओढल्यासारखे रुंद खड्डे असतील तर सुई आडवी घालून खालचे धागे सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. उथळ, काठ असलेल्या खड्ड्यांवर मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेसर (ठिपक्याठिपक्यांनी मारलेला लेसर). बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही प्रकार मिसळून असतात, त्यामुळे एकाच यंत्राच्या पॅकेजने काम होत नाही. पूर्वी आयसोट्रेटिनॉइन संपल्यावर सहा महिने काहीच करायचं नाही असा दंडक होता. आता काही उपाय आधीही करतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. नवे गाठीचे मुरुम येत असताना खड्ड्यांवर पैसे घालू नका.

पैसे भरण्याआधी विचारा: किती सिटिंग, दर सिटिंगला किती, करणार कोण, डॉक्टर की टेक्निशियन, आणि सावळ्या त्वचेवर केलेल्या कामाचे आधी-नंतरचे फोटो आहेत का. खड्डे पूर्ण जातील असं कुणी छातीठोक सांगत असेल तर दुसरीकडे चौकशी करा. निम्मे भरले तरी चांगलं काम झालं, असं प्रामाणिक डॉक्टर आधीच बोलून दाखवतात.

कोर्स संपल्यावर

गोळी थांबली की ॲडापलीन काही महिने चालू ठेवायला सांगतात, ते सोडू नका. काहींना वर्ष-दोन वर्षांत पुन्हा मुरुम येतात, बहुधा आधीपेक्षा कमी, आणि तेव्हा दुसरा कोर्स देता येतो. त्या वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो मागच्या खेपेला एकूण किती मिलिग्रॅम पोटात गेलं याचा. रिकाम्या स्ट्रिपांवरून ते सांगता येत नाही. चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि आमची बिलं एका फाइलमध्ये लावून ठेवा. बिलावर औषधाची मात्रा आणि तारीख असते, चिठ्ठी हरवली तरी त्यावरून हिशेब लागतो.